कॅमेऱ्यात न मावलेला एक फुटबॉलपटू बघायचा असेल, तर तिकीट कुणाचं काढाल?

पेठकरी :
मागच्या पिढ्यांतल्या एकाच फुटबॉलपटूला, एकाच सामन्यात, गॅलरीत बसून बघायला मिळणार असेल तर कोण? आपल्या कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. वर्ल्डकप जवळ आला की गल्लीच्या एका तोंडाला ब्राझील आणि दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिना लागते, त्यामुळे उत्तरं दोनच : पेले नाहीतर मॅराडोना. माझं म्हणणं, ही दोन्ही तिकिटं वाया. २२ जून १९८६ ला इंग्लंडची अर्धी टीम मागे टाकून मॅराडोनानं मारलेला गोल आपण इतक्या वेळा पाहिलाय, की कुठल्या पावलाला कोण चकतो ते पाठ झालंय. १९७० च्या फायनलमध्ये पेलेनं कार्लोस आल्बेर्तोसाठी सोडलेला पासही तसाच. जे घरबसल्या कधीही लावता येतं, त्याच्यासाठी काळ ओलांडून जायचं कशाला?

तिकीट अशाचं काढावं, ज्याचा खेळ कॅमेऱ्यानं आपल्यापर्यंत धड पोचवलाच नाही. माझी निवड चुनी गोस्वामी. जकार्ता, १९६२ च्या आशियाई स्पर्धेची फायनल. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा भारतीय संघ पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला होता. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्या बचावपटूला बसवायचं सोडून आघाडीला नेऊन उभं केलं! इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नाही, त्यावर भारतीय पदाधिकाऱ्यानं आक्षेप घेतला, म्हणून तिथले प्रेक्षक भारतावर खवळलेले. भरलेलं स्टेडियम विरोधात ओरडत असताना त्याच कोरियाला २-१ हरवून सुवर्ण आणलं. कर्णधार होता २४ वर्षांचा चुनी. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरनं आजारी होते, पुढच्या वर्षी गेले. आपल्या देशाच्या फुटबॉलमधला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि आपण तो फक्त वाचलाय.

डाव्या पायाचा :
टीव्हीवर बघितलं म्हंजे बघितलं, हे कुणी सांगितलं तुमास्नी? शाहू स्टेडियमवरची फायनल मोबाईलवर लाइव्ह दिसत्या. तरी दुपारपासनं गॅलरी भरत्याच का न्हाई? मग मॅराडोनाला येगळा न्याय का?

आणि मला ती इंग्लंडसंगची अझटेका स्टेडियमवरची मॅच नकोच. मला नेपल्स पायजे. १० मे १९८७, फिओरेंटिनासंगं १-१, आणि तिथला क्लब नापोली पहिल्यांदाच इटलीचा चॅम्पियन. उत्तरंतल्या पैशावाल्या क्लबांनी वर्षानुवर्षं ज्या गावाला हिणवलं, त्या गावाला ह्यो बुटका गडी वर घिऊन गेला. ते गोलात दिसत न्हाई, त्या स्टेडियमात बसूनच कळंल. नायतर १९८९ ची म्युनिकची मॅच द्या. बायर्नच्या मैदानावर लेसा सुटलेल्या, गाणं लागलंय, आणि ह्यो गडी वॉर्मअपला चेंडू डोक्यावर, खांद्यावर नाचवतोय. लोक आजबी मॅचपेक्षा त्यो वॉर्मअपच जास्त बघत्यात. आपलं तिकीट त्याचंच, इषय संपला.

आकडेवाला :
विषय संपला कसा? मूळ गृहीतकच तपासूया. जुने खेळाडू महान वाटतात, कारण त्यांच्या वाईट दिवसांचे व्हिडिओ कुणी जपलेले नाहीत. त्या काळी प्रेसिंग, म्हणजे चेंडू असलेल्यावर लगेच तुटून पडणं, हा प्रकार आजच्यासारखा नव्हता. चेंडू पायात आल्यावर मान वर करून बघायला वेळ मिळायचा. आजच्या कुठल्याही चांगल्या लीगमधला डिफेंडर तेव्हाच्या फॉरवर्डला पहिल्या अर्ध्या तासात दमवेल. पेलेच्या १२०० वर गोलांमध्ये मैत्रीपूर्ण सामन्यांतले किती, तेही एकदा मोजा. जकार्ताच्या नावानं उसासे टाकण्यापेक्षा आपल्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, त्याचे सामने किती जणांनी दिल्लीला जाऊन पाहिले ते सांगा. माझं तिकीट परत घ्या.

चष्मेवाला कोच :
आकडेवाले, अर्धं सांगू नका. पिवळं आणि लाल कार्ड वर्ल्डकपमध्ये १९७० ला आलं. बदली खेळाडूही तेव्हाच. त्याआधी पाय मोडेपर्यंत लाथा खाल्ल्या तरी उतरवायला दुसरा खेळाडू नाही. १९६६ ला बल्गेरिया आणि पोर्तुगालनं पेलेला जे तुडवलं, त्यातलं थोडं आजच्या मैदानावर झालं तर समोरच्या संघाचे आठच जण उरतील. वर चामड्याचा चेंडू, पावसात पाणी पिऊन जड झालेला. तुमचा आजचा फॉरवर्ड तिथं नेऊन सोडा आणि मग अर्ध्या तासाचा हिशेब करा.

पेठकरी, तुमच्याही निकषात खोट आहे. चित्रण आहे की नाही, एवढ्यावर काय बघायचं ते ठरत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागं धावतो. चेंडू जवळ नसताना जो सामना चालवतो, त्याचं चित्रण ढीगभर असलं तरी तो दिसत नाही. म्हणून माझं तिकीट योहान क्रायफचं. ७ जुलै १९७४, म्युनिक, जर्मनीविरुद्ध वर्ल्डकपची फायनल. सुरुवातीच्या किकपासून नेदरलँड्सचे पास सुरू, क्रायफ पार मागं येऊन चेंडू घेतो, सुसाट निघतो, पेनल्टी आणि गोल. जर्मनांतला ज्याचा हात चेंडूला पहिल्यांदा लागला तो गोलकीपर मायर, तोही जाळीतनं चेंडू काढताना! त्या चालीत बाकीचे नऊ जण कुठं सरकत होते, क्रायफ हातवाऱ्यांनी कुणाला कुठं पाठवत होता, ते बघायला वरच्या गॅलरीतली जागाच लागते.

पुढं काय झालं? जर्मनीचा बेर्टी फोख्ट्स क्रायफला जळवेसारखा चिकटला आणि जर्मनी २-१ जिंकली. मला तेही बघायचंय. आमच्या पोरांना मी रोज सांगतो, चेंडूकडं पळू नका, मोकळ्या जागेकडं पळा. ऐकतंय कोण. दहाच्या दहा जण चेंडूवर.

पिवळी जर्सी :
कोच, हरलेल्या फायनलचं तिकीट काढणारे तुम्ही पहिलेच 😄

पेठकरींना त्यांच्याच नियमानं धरतो. पेले स्वतः ज्याला आपला सर्वांत देखणा गोल म्हणायचा, तो २ ऑगस्ट १९५९ ला साओ पावलोच्या रुआ जावारीवर झाला, युव्हेंतुस नावाच्या तिथल्याच छोट्या क्लबविरुद्ध. एकामागून एक बचावपटूंच्या आणि शेवटी गोलकीपरच्याही डोक्यावरून चेंडू काढला आणि हेडरनं जाळीत. त्याचं चित्रण नाही. पुढं लोकांच्या आठवणींवरून तो कॉम्प्युटरवर रचावा लागला. म्हणजे कॅमेऱ्यात नसलेलाच बघायचा, तर पेलेचं तिकीटही तुमच्या नियमात बसतं. आता बोला.

आणि तरीही मी पेले घेणार नाही. मी त्याच्याच ब्राझील संघातला गॅरिंचा घेणार. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक थोडा आखूड. असल्या पायांचा पोरगा आपल्याकडं आला असता तर सतरा वर्षांखालच्या निवडीतच त्याला घरी पाठवलं असतं. १९६२ च्या वर्ल्डकपला पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. उरलेली स्पर्धा गॅरिंचानं ओढली. इंग्लंडला दोन गोल, सेमीफायनलला यजमान चिलीला दोन गोल. त्याच सामन्यात त्याला बाहेर काढलं, तरी फायनलला खेळू दिलं, आणि कप ब्राझीलचा. पेले आणि गॅरिंचा दोघंही मैदानात असताना ब्राझील एकदाही हरलं नाही. उजव्या बगलेतून तो तीच हुलकावणी पुन्हा पुन्हा द्यायचा. समोरच्याला ती माहीत असायची आणि तरी तो फसायचा. हे का होत होतं, ते मला तिथं बसून बघायचंय.

उजवी विंग :
एवढे प्रतिसाद झाले, एकाही भावाला एक बाई आठवली नाही. मी आठवण करून देते : लिली पार.

२६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. डिक, केर लेडीज हा प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा संघ, समोर सेंट हेलेन्स. आत ५३,००० प्रेक्षक, आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेर. लिली डिक, केरची, तेव्हा १५ वर्षांची. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी निम्मं शतक टिकली. पेठकरी म्हणतात, कॅमेऱ्यानं पोचवलं नाही त्याला बघू. इथं तर मैदानच काढून घेतलं! ती १९५१ पर्यंत खेळत राहिली, मिळेल त्या जागेवर.

आकडेवाला :
५३,००० हा आकडा गर्दीचा आहे, दर्जाचा नव्हे. नवलाई म्हणूनही लोक जातात.

उजवी विंग :
नवलाईला माणूस एकदा जातो, दादा. तो संघ कितीतरी वर्षं गर्दी खेचत होता, म्हणून तर बंदी घालावी लागली. न बघताच दर्जा ठरवायचा असेल तर तुमच्याकडे तिकीट परत द्यायची सोय आहेच. मी मैदानावर सरावाला जाते तेव्हा गॅलरीतून जे ऐकायला येतं, त्यात आणि १९२१ च्या त्या ठरावात मला फार फरक दिसत नाही.

कूपरेजचा पाहुणा :
नोकरीच्या काळात मुंबईत होतो, रोव्हर्स कपचे सामने कूपरेजवर बसून पाहिलेत, म्हणून चार शब्द. पेठकरींचा मुद्दा मला पटतो आणि त्याचीच भीती वाटते. जे कुणी पाहिलं नाही, ते सांगताना फुगतं. खासबागेतल्या जुन्या कुस्त्या नाही का, दर पिढीला पाच मिनिटांनी लांबतात. चुनी मोठाच, वाद नाही. गड्यानं बंगालकडून रणजी क्रिकेटही खेळून दाखवलं, कप्तानीही केली. पण भारतीयच निवडायचा तर मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेला आपला नेव्हिल डिसूझा कसा विसरता? १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, भारत चक्क १-० पुढं! मग त्यांनी चार घातले, तो भाग वेगळा. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिला. आशियाई स्पर्धा आशियापुरती. मेलबर्नला युरोपचे संघ होते, आपण चौथे आलो. मोठं काय, तुम्हीच ठरवा.

डाव्या पायाचा :
काका, एक नंबर. पण मला सांगा, पेले कोलकात्याला आलता की. मग तवा बघितलेल्यांनी पेले बघितला म्हणायचा का न्हाई?

पेठकरी :
हा प्रश्न खरा. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, पेलेचा क्लब कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान, २-२. पेले ३६ वर्षांचा, मैदान पावसानं भिजलेलं, आणि आठवड्यानं न्यूयॉर्कजवळ त्याचा निरोपाचा सामना ठरलेला. दुखापत होऊ नये म्हणून जपूनच खेळला. त्या दिवशी ईडनवर पेले नावाचा माणूस दिसला, १९५८ च्या फायनलला १७ व्या वर्षी दोन गोल मारणारा पेले नाही. म्हणून मी नुसतं नाव मागितलं नाही, सामना मागितला.

पिवळी जर्सी, रुआ जावारी मान्य. नियमात बसतं. पण तो गोल एका क्षणाचा. जकार्ताला मला सबंध नव्वद मिनिटं बघायची आहेत. अंगावर आलेलं स्टेडियम, टाके घातलेला जर्नेल, पीके बॅनर्जी, बलराम, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा चुनी. काका, मेलबर्न मोठं, पण तिथं आपण शेवटी हरलो. युगोस्लाव्हिया ४-१, मग कांस्यपदकाला बल्गेरिया ३-०. कोचना हरलेली फायनल चालते, मला एकदा आपल्याला जिंकताना बघायचंय.

आणि आकडेवाले, दिल्लीला मी गेलो नव्हतो हे खरं. पण अनिकेतचे तिन्ही सामने टीव्हीवर बघितले, तुम्ही?

आकडेवाला :
दोन.

चष्मेवाला कोच :
उजवी विंग, तुमचं तिकीट बदलू नका. फक्त गर्दीकडं बघत बसू नका. लिलीच्या डाव्या पायाची किक फार जोरकस होती असं सगळीकडं वाचलंय. डावी विंग कसं अंतर ठेवून उभी राहायची ते बघून या, आमच्या पोरांना शिकवायचंय.

उजवी विंग :
मुलींना पण शिकवा.

डाव्या पायाचा :
पेठकरीसाहेब, एक शंका हाय. जकार्ताच्या फायनलला गोल कुणी मारलं? पीकेनं आणि जर्नेलनं. चुनीचं दोन गोल सेमीफायनलला, दक्षिण व्हिएतनामला, ३-२. मग चुनीला बघायला फायनलचं तिकीट कशापायी?

पेठकरी :
कर्णधाराचा खेळ फक्त गोलात मोजायचा असतो का?

डाव्या पायाचा :
मोजू नका की. पर तुमी सेमीफायनलला जावा. फायनलचं तिकीट मला द्या, डोस्क्याला टाकं घालून गोल मारणारा गडी मला बघायचाय. मॅराडोना पुढच्या खेपंला.