औट म्हणजे किती?

पाटीपेन्सिल:
अनुवादात मी 'औटघटकेचं राज्य' लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या मुलीने ते 'आउट घटकेचं' करून परत पाठवलं. औट म्हणजे साडेतीन असं सांगितलं, तर म्हणाली, "मग साडेतीनच लिहा ना!" आजच्या वाचकाला हा शब्द कळेल का? ठेवू की काढू?

मोडीवाला:
ठेवा. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका झाल्या ८४ मिनिटं, तेवढंच टिकणारं राज्य. औट आलाय 'अर्धचतुर्थ'वरून, प्राकृतात अद्धुट्ठ. तीन पुरे, चौथा अर्धा. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. दीडमध्येही दुसराच अर्धा आहे. 'साडे' वेगळा, तो 'सार्ध', अर्ध्यासकट. त्या साडेतीनाने औटाची जागा घेतली. अडीचने मात्र साडेदोनला अजून आत येऊ दिलेलं नाही.

रानजाई:
आमच्याकडे दिवेलागणीला आजोबा परवचा, म्हणजे पाढे, म्हणून घ्यायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पार पडायची आणि औटकीला माझी गाडी अडायची. दोनाला सात, तिनाला साडेदहा, चाराला चौदा. कीर्तनात 'औट हात देह' ऐकला तेव्हा मी तिथेच हात लावून स्वतःला मोजलं होतं!

गंधाक्षता:
परवचा गेला, आता औट कुठून राहणार? २०१९ साली दुसरीच्या गणितात एकवीसचं 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा वाद झाला. मुळात मराठी गणिताची भाषाच शुद्ध करायला हवी. वजाबाकी कशाला? 'व्यवकलन' आहे की.

मोडीवाला:
वजाही अरबी, बाकीही अरबी, आणि दोन्ही मिळून अस्सल मराठी. वाण्याच्या वहीत 'बाकी' असते. तिथे व्यवकलन लिहिलंत तर उधारी कोण फेडेल?

गंधाक्षता:
वाण्याच्या वहीवरून पाठ्यपुस्तक ठरवायचं का? संस्कृत शब्दाने अर्थ उघडा होतो. 'त्रिज्या' बघा.

रानजाई:
त्रिज्येत तीन काय आहे, हे मला दहावीपर्यंत कुणी सांगितलं नाही. अर्थ उघडा कुठे झाला?

मोडीवाला:
तीन राशी. एक रास ३० अंशांची, तीन राशींचे ९०. 'ज्या' म्हणजे वर्तुळातल्या कोनाची अर्धी जीवा. ९० अंशांची 'ज्या' वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंत पोचते, म्हणून ती त्रिज्या. आर्यभटाच्या कोष्टकात ती ३४३८ कला (अंशाचे साठावे भाग) धरली आहे. ह्याच 'ज्ये'ला संस्कृतात जीवाही म्हणत, ती अरबीत 'जीब' झाली. लिहिताना स्वर गळले, कुणीतरी ते 'जैब', म्हणजे कपड्याची घडी, असं वाचलं, आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाचं 'सायनस' झालं. आपला त्रिकोणमितीतला साइन तिथून परत आला.

गंधाक्षता:
मग शाळेत साइनच्या जागी 'ज्या' का नाही शिकवत?

रानजाई:
"ज्या कोनाची ज्या" असं फळ्यावर लिहून बघा एकदा.

पाटीपेन्सिल:
उद्या मुद्रितं परत द्यायची आहेत. औट ठेवू ना?