भूमध्य समुद्राकाठची सुट्टी: तुमचे किस्से टाका

माजघर
सकाळी बेसनाची धिरडी घालत होते, मध्येच फोन आला. एक धिरडं कडेने करपलं आणि त्या वासासरशी मी थेट नीसला! फ्रान्समधलं नीस, जून २०१७. लेक तिकडे शिकायला होती. कूर सालेया म्हणून जुना बाजार आहे, तिथे एक बाई बैलगाडीच्या चाकाएवढ्या तांब्याच्या परातीतून काहीतरी खरवडून कागदात देत होती. सोका. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. लाकडाच्या भट्टीत भाजायचं, वर मिरपूड. ह्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "अगं, हे तर धिरडं! ह्याचे तीन युरो?" गप्प केलं मी, पण ओवा मलाही हवाच होता.

समुद्रावर तर वाळूच नाही. नुसते गोटे, बटाट्याएवढे. ह्यांनी पँट दुमडली, दोन पावलं टाकली आणि "आई गं" करत खाली बसले. मग रस्त्यावरच्या निळ्या खुर्च्यांत बसून घरून नेलेले शेंगदाणे खाल्ले. दुपारी बाराला टेकडीवरून तोफ उडाली तेव्हा मी ह्यांचा दंड घट्ट धरला. रोज उडते म्हणे. दोन गोटे घेऊन आलेय, अजून आहेत.

बोला, कोण कोण गेलंय तिकडे?

सुरमई_तुकडी
मी मालवणची. स्पेनमध्ये मालागाला पहिल्याच दिवशी हॉटेलवाल्याला विचारलं, ओहोटी किती वाजता? त्याला प्रश्नच कळेना. चार दिवस बघितलं, पाणी जेमतेम फूट-दीड फूट वरखाली. आमच्याकडे ओहोटीला होड्या चिखलात बसतात हो!

पण मासे. जुनी होडी, त्यात वाळू भरलेली, वाळूवर लाकडं पेटवलेली. पाच-सहा तारल्या एका काडीत ओवायच्या आणि काडी धगीशेजारी वाळूत खोचायची. एस्पेतो म्हणतात. नुसतं जाडं मीठ. ना हळद, ना आगळ. पहिल्या काडीला नाक मुरडलं, तिसरीला बोटं चाटत होते. ज्या महिन्याच्या नावात 'आर' नाही त्यात तारल्या खाव्या असं तिकडे म्हणतात, म्हणजे मे ते ऑगस्ट. आपल्याकडे त्यातच जून-जुलै मासेमारीला बंदी!

पोटोबा
खवलं काढतात का गं?

सुरमई_तुकडी
नाही रे, काही काढत नाहीत. आतलंसुद्धा. साल अखंड राहते म्हणून आत रसाळ. घरी गॅसवर करून बघितलं, शेजारच्या काकू विचारायला आल्या काय जळतंय.

निवांत_पुणेकर
इटलीतलं चिंक्वे तेर्रे, सासू-सासऱ्यांबरोबर. पाच गावं, त्यातलं कोर्निलिया समुद्रापासून उंचावर. स्टेशनातून निघालं की ३८२ पायऱ्या. निम्म्यावर सासरे थांबले, "वर देऊळ तरी आहे का?" होतं, चर्च. मग चढले.
सासूबाई शुद्ध शाकाहारी, रोज पेस्तोचा, म्हणजे बेझिलच्या हिरव्या वाटणाचा, पास्ता. बेझिल म्हणजे तुळशीची चुलत बहीण म्हटल्यावर त्या खूश. त्यात पडणाऱ्या चीजला वासराच्या जठरातलं विरजण लागतं हे मला परत आल्यावर कळलं. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या इथे येत नाहीत, तुम्हीही बोलू नका.

चिऊताई
मे बरा की सप्टेंबर? व्हिसाची तारीखच मिळत नाहीये 😭

भटक्या_नाशिक
व्हिसाचं रडगाणं तिकडच्या धाग्यावर बाई, इथे खाऊ दे.
आईला घेऊन गेलो होतो जूनमध्ये. नऊ वाजून गेले तरी ऊन. आई साडेसातला त्या उन्हातच मोबाइलची बत्ती लावून शुभंकरोति. स्पेनमध्ये जेवणाची हॉटेलं साडेआठ-नऊशिवाय स्वयंपाकाला हात लावत नाहीत. आईचं जेवण रोज मेतकूट-भात, खोलीवर.

अलिबागसे_आया
जरा अवांतर, पण तोही भूमध्यच. २०१२ ला कामासाठी अश्दोदला होतो, इस्राएल. दुकानात मी आणि सहकारी टोमॅटोच्या भावावरून मराठीत वाद घालत होतो. मागून आवाज, "कुठले रे तुम्ही?" सत्तरीच्या आजी. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. गाव आमच्यापासून आठ किलोमीटर! लग्न होऊन मुंबई, मग साठच्या दशकात तिकडे. घरी ओढूनच नेलं. कसलंसं कार्य होऊन गेलेलं, मलिदा होता: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. बोलणं इतकं अस्सल आगरातलं की माझा पुण्याचा सहकारी बघतच राहिला. म्हटलं, आजी, समुद्र बाकी छान आहे तुमचा. तर म्हणे, "ह्याला समुद्र म्हणतात होय? तळं आहे तळं. भरती नाय, काय नाय."
निघताना सोलं पाठव म्हणाल्या. पाठवली, पण पोचली की नाही ते कळलं नाही.

सुरमई_तुकडी
@अलिबागसे_आया आजींना माझा दंडवत. तळंच आहे ते!

पोटोबा
ग्रीसमध्ये नॅक्सोसला दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले, आपल्या वाकट्यांसारखे. बायको म्हणाली फोटो काढ, मी म्हटलं आधी भाव विचारतो.
@माजघर सोकामध्ये रवा असतो का?

माजघर
नाही रे, नुसतं बेसन. पीठ पातळ भिजवून तासन्‌तास ठेवायचं. आज लोखंडी तव्यावर करून बघितलं. धिरडंच झालं.

भटक्या_नाशिक
माजघर, ते गोटे लपवा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर वाळू उचलली तर ५०० ते ३००० युरो दंड आहे, २०१७ चाच कायदा.

माजघर
मेल्या, घाबरवू नकोस! मी नीसला गेले होते, सार्डिनियाला नाही. आणि एका गोट्याने मी रोज लसूण ठेचते.

चिऊताई
परत विचारते, मे की सप्टेंबर?

निवांत_पुणेकर
सप्टेंबर. उन्हाळाभर तापून पाणी छान कोमट असतं. मेमध्ये पाय घातलास तर किंचाळशील.

चिऊताई
सप्टेंबरात गणपती असतात ना पण 😐