माळावर लष्करी बांधकाम आलं तर बारव, वीरगळ, तणमोर कसे राखायचे?

बालाघाटकर:
बालाघाटावरच्या गायरानात लष्कराचं दारूगोळा कोठार किंवा गोळीबाराचं मैदान करायचं ठरलं, तर गावानं काय, कधी आणि कुणाकडे मांडायचं? हेमाडपंती देऊळ, बारव (पायऱ्यांची जुनी विहीर), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) आहेत, पण एकही संरक्षित यादीत नाही. लांडगे, काळवीट बारमाही. पावसाळ्यात तणमोर हा गवताळ माळावरचा दुर्मिळ पक्षी दिसतो असं मेंढपाळ सांगतात. देशाच्या कामाला विरोध नाही. पण कागदावर ही जमीन नुसती पडीक आहे.

गट_नंबर:
जनसुनावणीची वाट बघू नका. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत संरक्षण प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. आराखडा पक्का व्हायच्या आत नोंद सरकारी कागदावर गेली पाहिजे.

100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीचे, हे कवच केंद्र संरक्षित स्मारकांनाच आहे. म्हणून ग्रामसभेचा ठराव घेऊन राज्य पुरातत्त्व विभागाकडे प्राचीन स्मारकांच्या 1960 च्या राज्य कायद्याखाली संरक्षणाचा प्रस्ताव द्या. सोबत गट नंबर, अक्षांश-रेखांश, आणि शेजारी मीटरपट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो. अक्षरं असतील तर फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. खडूनं रंगवू नका, शेंदूर खरवडू नका. प्राणी, पक्षी, गवतं लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवसृष्टीची अधिकृत नोंद) चढवा.

जमीन वनखात्याची निघाली तर वनसंवर्धन कायद्याची 2023 ची दुरुस्ती वाचा. सीमेपासून 100 किलोमीटरची सूट आपल्याला लागू नाही, पण 10 हेक्टरपर्यंतच्या सुरक्षाविषयक बांधकामाची लागू होऊ शकते. तेव्हा तुकड्याचा नको, संपूर्ण आराखडा मागा.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचं वेगळं आहे. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावाच लागतो. कोलामांचे पोड (वस्त्या), गोंडांची पेनठाणी (देवस्थानं) सामूहिक वनहक्क दाव्यात आलीच पाहिजेत. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दलच्या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढेच ठेवला होता.

कुसळी_पवन्या:
पाहणी एप्रिल-मेमध्ये उरकली तर तणमोर दिसणारच नाही. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा काळ. तेव्हा नर गवतावर उड्या मारतो, तेही जास्त करून सकाळ-संध्याकाळ. 2021 पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यातली. त्यामुळे तिन्ही ऋतूंतल्या पाहण्या लेखी मागा.

सगळ्यात मोठं नुकसान भरपाईच्या झाडांनी होतं. माळावर गिरिपुष्प, निलगिरी लावली की गवत गेलं, आणि त्यामागं पक्षी. भरपाई म्हणून तेवढाच गवताळ पट्टा राखून मागा.

टेंडरमध्ये घालायच्या अटी: वीजतारा जमिनीखालून, कारण जड पक्ष्यांना समोरची तार वेळेत दिसत नाही. कुंपणाची खालची तार बिनकाट्याची आणि दीड फूट वर, म्हणजे काळवीट खालून निघतं. मजुरांच्या छावणीतलं खरकटं रोज उचलायचं; नाहीतर भटकी कुत्री जमतात, अंडी खातात आणि लांडग्यांत डिस्टेंपर हा रोग पसरवतात. जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून केलेले पट्टे) 15 फेब्रुवारीच्या आत, कारण वाळल्या गवतात एक गोळा पडला तरी माळ पेटतो.

लष्कर आलं म्हणजे सगळं संपलं असं मात्र नाही. पोखरणच्या गोळीबार क्षेत्रात माळढोक हा मोठा माळपक्षी आजही आहे, कारण तिथं नांगर फिरत नाही.

चिरेबंदी:
कोठार जमिनीखाली उतरवायचं म्हणजे काळा पाषाण सुरुंगानं फोडणं आलं. हेमाडपंती देवळात चुना नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. हादऱ्यानं सांधे सरकतात आणि पहिल्यांदा छताच्या शिळा खचतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाची ऐतिहासिक वास्तूंसाठीची कंपनमर्यादा अशी: 8 हर्ट्झच्या (सेकंदाला 8 कंपनांच्या) खाली सेकंदाला 2 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 5, त्यावर 10. कंपनमापी देवळाच्या चौथऱ्यालगत ठेवायला लावा. आकडा चढला तर एका वेळी उडणारी सुरुंगाची दारू कमी करायची आणि डिले (दोन सुरुंगांमधलं अंतर-वेळ) वाढवायचे. तरीही बसत नसेल तर रॉक ब्रेकर. काम सुरू होण्याआधी प्रत्येक तड्याचा तारखेसह फोटो हवाच, नाहीतर नंतर 'तडा जुनाच होता' हेच ऐकावं लागेल.

बारवेला खरा धोका खोदकामाचा. पाणी मुरमाच्या आणि भेगाळ खडकाच्या थरातून येतं. वरच्या अंगाला खोल चर पडला की झरा तिकडेच वळतो.

बालाघाटकर:
वीरगळ उचलून देवळापाशी मांडून देतो म्हणाले तर?

गट_नंबर:
लगेच हो म्हणू नका. त्याची जागा, तोंडाची दिशा, ओळीतला क्रम हाच पुरावा असतो. नाइलाज झाला तर हलवण्याआधी मोजणी-नकाशा, आणि काम पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीतच. साखळी घालून जेसीबीनं ओढला की कोरीव कडा फुटतात. खोदताना पुरलेलं काही निघालं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. तेवढ्या जागेवर काम थांबवण्याची अट कंत्राटात आधीच घालून घ्या.