देव एक, हार पन्नास

काका, मुलांना देवाबद्दल फार प्रश्न विचारू दिले की श्रद्धा पातळ होते, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आम्ही ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहतो. किल्ल्यावर चढताना वाटेत विष्णूचं चतुर्भुज मंदिर लागतं, खडकात कोरलेलं, अगदी छोटं. तिथे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. फुलबागेची लांबी २७० हात, देवाला रोज ५० हार, अशी नोंद. दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल, फक्त जरा बारीक. इतकं जुनं शून्य, आणि ते देवाच्या फुलांचा हिशेब मांडताना भिंतीवर उमटलं! मला अजूनही भरून येतं.

लेकीला दाखवलं तर तिचा प्रश्न वेगळाच. "देव एक, मग हार पन्नास कशाला?" सासूबाईंची रोजची पूजा कधी चुकत नाही, पण त्यांनी तिला गप्प केलं नाही. "तुला काय वाटतं?" म्हणाल्या. प्रत्येक हाताला वेगळं फूल आवडत असेल, असं लेकीचं उत्तर. मग दोघी तिथेच पायरीवर बसून ठरवत होत्या: शंखाच्या हाताला मोगरा, चक्राच्या हाताला जास्वंद. गदेवर एकमत होईना.

कठोपनिषदातला नचिकेत आठवा. त्याच्या प्रश्नांवर चिडले ते वडील. मृत्यूनंतर काय, या त्याच्या प्रश्नावर यमानं आधी टाळाटाळ केली, पण शेवटी उत्तर दिलंच ना?

लेक हल्ली आरतीला स्वतःहून येते. आरती संपली की पुढचा प्रश्न तयार असतो, आणि मी तो थांबवणार नाही.