गोंदाच्या भरवशावर राहू नका

ताई, पोर्तुगालच्या आर्ट रेसिडेन्सीत (कलाकारांनी काही काळ राहून काम करायची जागा) कलाकृतीसाठी किनाऱ्यावरचं लाकूड आणि प्लास्टिक कोणत्या गोंदाने जोडावं, असं विचारलंत. माझं स्पष्ट मत, तार वापरा. पाण्यावर तरंगणारं, हाताला मेणचट लागणारं प्लास्टिक बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन असतं. त्यावर एपॉक्सी धरतच नाही, सुकल्यावर अख्खा पापुद्रा सुटून येतो. 3 मिमीचं भोक पाडून 1 मिमीची स्टेनलेस तार ओवा. भोक कडेपासून निदान 10 मिमी आत हवं. उन्हाने ठिसूळ झालेली कड लगेच तडकते. ड्रिल सावकाश चालवा, नाहीतर प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं. बारीक बिटं आणि तार बडोद्यात मकरपुऱ्यातूनच घेऊन जा.

लाकूड आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग सावलीत वाळवा. आत मीठ राहिलं तर ते ओल ओढतं आणि बडोद्याच्या पावसाळ्यात लोखंडी खिळे गंजून लाकडावर काळे डाग उमटतात.

परत पाठवायची पेटी प्लायवूडची करा. कच्च्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो (गाभ्यात 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं लाकूड), प्लायवूडला नाही. कलाकृतीतल्या लाकडाचे नियम मात्र वेगळे. साल सगळी काढा आणि प्लांट क्वारंटाईनकडे (लाकूड-वनस्पतींसोबत येणारी कीड रोखणारा सरकारी विभाग) निघण्यापूर्वीच विचारा.