पाहुण्यांचा चहा: केटल, मशीन की आपलं पातेलंच? घरी पाहुणे ठेवणाऱ्यांनी अनुभव लिहा

जुळेसोलापूरकर

मुलं पुण्याला गेली, वरचा मजला रिकामा पडला, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. राहणं आणि सकाळची न्याहारी, एवढंच. येणारे बहुतेक देवदर्शनाचे. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या पुढे. सोलापुरात मुक्काम टाकून लोक तिन्ही ठिकाणं करतात. मधूनमधून चादरी-टॉवेलची आणि शाळेच्या गणवेशांची खरेदी करणारे व्यापारीही येतात.

न्याहारी मला जड जात नाही. धपाटे, उपीट, शेंगाचटणी, दही, हे हातचं काम आहे. अडतं ते चहापाशी. काकड आरतीला निघणाऱ्यांना पहाटे पावणेचारला चहा हवा असतो. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणारे साडेपाचला बॅगा घेऊन खाली उतरतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईहून आलेले सातच्या सुमारास दारात उभे राहतात आणि रात्रभर प्रवास केलेल्या माणसाला आधी चहाच विचारायचा असतो. म्हणजे एका सकाळी चार वेळा गॅस पेटतो. गेल्या मार्चपासून माझा गुडघा दुखतोय आणि जिना उतरून स्वयंपाकघरात येणं पहाटे नको वाटतं.

मुलगी म्हणते प्रत्येक खोलीत केटल ठेव. जावई म्हणतात बटण दाबलं की चहा देणारं मशीन घ्या. आमचे हे म्हणतात, विकतच्या पुडीचा चहा द्यायचा असेल तर पाहुण्यांनी हॉटेलातच राहावं. मला तिघांचंही पटतं, म्हणून विचारते. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी लिहा. काय बिघडलं, काय टिकलं, पाहुणे काय म्हणाले.

रेल्वेलाइन्स_तीनखोल्या

ताई, आमच्याकडे केटल ठेवून चार वर्षं झाली. ठेवा असंच सांगेन, पण आधी भिंतीकडे बघा.

आमचं घर जुनं. खोल्यांतले सॉकेट मोबाइल आणि टेबलफॅनसाठी केलेले, ६ अँपिअरचे. केटल १५०० वॉटची. २३० व्होल्टला ती साडेसहा अँपिअर ओढते, म्हणजे सॉकेटच्या मर्यादेच्या वर. पहिले दोन महिने काही झालं नाही. मग एका पाहुण्यांनी सांगितलं की बटणाजवळ जळका वास येतोय. उघडून पाहिलं तर आतली तार काळी पडून प्लॅस्टिक वितळलेलं. त्या खोलीत म्हातारं जोडपं आणि नात झोपली होती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. नंतर तिन्ही खोल्यांत १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट काढले, जाड तार टाकली, अर्थिंग तपासून घेतलं. केटलींपेक्षा वायरिंगलाच जास्त पैसे लागले.

दुसरी गोष्ट दुधाची. आपल्या माणसाला दुधातला उकळलेला चहा लागतो, मग काही जण केटलीतच दूध घालतात. केटल बंद होते ती वाफेवर: पाणी उकळलं की वाफ झाकणाजवळच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टी वाकते आणि बटण पडतं. दूध त्याआधीच फेसाळून वर येतं आणि उतू जातं. तळाला करपतं ते निराळंच, आणि तो वास आठ दिवस जात नाही. आमच्या दोन केटल्या अशाच गेल्या. नूडल्स शिजवणारेही भेटले. आता ट्रेवर मराठी, कन्नड आणि तेलुगूत चिठ्ठी ठेवलीय, ‘केटलीत फक्त पाणी’. तेव्हापासून एकही बिघडली नाही.

वीजबिलाची भीती मात्र सोडा. दीड लिटर पाणी उकळायला पाच-सहा मिनिटं आणि पाव युनिटपेक्षाही कमी वीज लागते. इन्व्हर्टरवर ती चालणार नाही. आमचा ८५० व्हीए क्षमतेचा आहे, केटल लावली की लगेच ट्रिप होतो.

लिंबूफूल

पाण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. महापालिकेचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड. मधल्या दिवसांत आम्ही बोअरचं वापरायचो. बोअरचं पाणी जड. दोन महिन्यांत केटलीच्या तळाला पांढरा थर धरला, पाणी तापायला वेळ लागू लागला आणि चहावर तवंग यायला लागला. पाहुण्याला वाटतं भांडं घासलेलंच नाही.

उपाय सोपा आहे. अर्धी केटल पाणी, दोन चमचे लिंबूफूल (किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतं), एक उकळी, अर्धा तास तसंच ठेवायचं, मग ओतून दोनदा साध्या पाण्यानं उकळून टाकायचं. थर आपोआप सुटतो. तारेच्या घासणीनं खरवडू नका, तळ खराब होतो. मी दर महिन्याच्या एक तारखेला करते. आता खोल्यांत फिल्टरच्या पाण्याची बाटली भरून ठेवते आणि केटलीत तेच घाला म्हणून सांगते.

दवाखान्याशेजारी

माझा अनुभव जुळे सोलापूरच्या ताईंच्या यजमानांना आवडणार नाही, पण खरा आहे. मी मशीन घेतलं आणि मला ते उपयोगी पडलं.

आमच्या सात खोल्या दवाखान्यांच्या भागात आहेत. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी इथून पेशंट सोलापूरला येतात आणि त्यांचे नातेवाईक आमच्याकडे राहतात. या माणसांना वेळ नसते. रात्री दोनला आयसीयूतून निरोप येतो, कुणीतरी धावत जातं, चारला परत येतं. त्या वेळी मला उठवायचा त्यांना संकोच वाटायचा. बाहेर चहाची टपरीही उघडी नसते. मी दोनदा बघितलं की बाई जिन्यात नुसती बसून आहे. त्यानंतर खालच्या पडवीत मशीन बसवलं.

आता त्याचे दोष. मशीनमध्ये भरायच्या तयार चहापुडीत (प्रीमिक्समध्ये) साखर आधीच घातलेली असते आणि बरीच असते. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना मधुमेह, त्यांना तो चहा चालत नाही. बिनसाखरेची पुडी मिळते, ती महाग पडते आणि तिला दुधाच्या पावडरीचा वास जास्त येतो. मी मशीनचे दोन कप्पे केले, एकात बिनसाखरेचा चहा, दुसऱ्यात कॉफी, आणि बाजूला साखरेचा डबा. मशीन रोज धुवावं लागतं, एक दिवस राहिलं तर नळीत पूड घट्ट बसते आणि मुंग्या येतात. पावसाळ्यात पूड ओल धरते, म्हणून एका वेळी अर्धा किलोच भरते. पूर्ण किलो ओतलं आणि सगळं टाकावं लागलं, असं दोनदा झालंय.

सकाळी सात ते नऊ मी मशीन बंद ठेवते आणि पातेल्यातला चहा करते. मशीनचा चहा रात्रीचा आणि गरजेचा. पण ताई, रात्री चारला तशाच एका बाईच्या हातात गरम कप होता, यापुढे चवीचं मी बोलत नाही.

शेतावरचा

आमचं नान्नजकडं शेत हाय. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला माणसं येत्यात, मुक्कामाला पण राहत्यात. चाळीस-चाळीस जणांचा चहा एकदम. मी दहा लिटरचं नळाचं स्टीलचं भांडं आणलं, वीजेवर गरम ऱ्हातंय ते. पहिल्या दिवशी दुधाचा चहा करून त्यात भरून ठेवला. तासाभरात काळपट, कडू, वरनं साय. लोकांनी कप तसंच ठिवले ओ.

मग माझ्या आईनं रीत बदलली. भांड्यात नुसता आलं-गवती चहाचा कोरा काढा, साखर वेगळी, दूध चुलीवर वेगळं. अर्धा कप काढा, अर्धा कप ताजं दूध. दोन तास झालं तरी चव ऱ्हाती. आणि आलं कायम पाण्यात आधी उकळायचं. कच्चं आलं दुधात टाकलं की दूध फाटतं. गुळाचा चहा मागणारे लै वाढलेत, त्यातबी गूळ दुधासंगं उकळू नका. गॅस बंद करून गूळ घाला, नायतर फाटतोय.

शेतात लाइट कवा जाईल सांगता येत न्हाई, म्हणून चूल काय सोडत न्हाई आम्ही.

लेस्टरहून_लेक

माहेर सोलापूरचं, आता इंग्लंडमध्ये आहे. इथल्या छोट्या बी अँड बीमध्ये (राहणं आणि न्याहारी देणाऱ्या घरांत) आम्ही नेहमी राहतो, त्यामुळे या यंत्रांचा उगम रोज दिसतो. इथे खोलीत ट्रे नसेल तर पाहुण्याला चुकल्यासारखं वाटतं: केटल, दोन कप, टी बॅग, साखर, दुधाच्या इवल्याशा डब्या आणि दोन बिस्किटं. यजमान सकाळपर्यंत खोलीकडे फिरकतही नाहीत.

एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी उशाशी घड्याळासारखं यंत्र पाहिलं, टीझमेड. हे १९३० च्या दशकापासून इथे विकलं जातं. रात्री भांड्यात पाणी आणि शेजारच्या किटलीत चहापत्ती घालून झोपायचं. ठरल्या वेळी पाणी आपोआप उकळतं, वाफेच्या दाबानं नळीतून किटलीत जातं आणि गजर होतो. बाईंनी मोठ्या प्रेमानं लावून दिलं. सकाळी सहाला चहा तयार होता आणि मला खरंच गहिवरून आलं, कारण लग्न झाल्यापासून माझ्या आधी उठून कुणी माझ्यासाठी चहा केलेला नव्हता.

पण ताई, विकत घेण्याआधी एक लक्षात घ्या. इथला चहा पाण्यात मुरतो, दूध वरून पडतं. म्हणून उकळतं पाणी मिळालं की यांचं काम झालं. आपला चहा दुधासकट उकळतो. त्यामुळे हीच केटल आपल्याकडे अर्धंच काम करते. शिवाय इथल्या केटल्या बहुतेक ३००० वॉटच्या असतात, दोन-तीन मिनिटांत उकळतात. त्या तिकडे आणून लावू नका, वर रेल्वे लाइन्सच्या दादांनी सॉकेटचं लिहिलंच आहे.

अशोकचौक

आपोआप चहा करणारं भांडं मी घेतलं होतं, पाणी-दूध-पत्ती-साखर सगळं एकदम घालायचं, तेच उकळतं आणि गाळतं. घरच्या दोघांना छान. पाहुणे आठ असले की एका खेपेला तीन कप, मधे जाळी धुवायची, पुन्हा खेप. पहिले तिघं चहा पिऊन निघून जायचे तरी शेवटचे थांबलेले. आता ते आमच्या सासूबाईंच्या खोलीत आहे.

त्याऐवजी एक सुचवते. आमच्याकडे हैदराबाद आणि बेंगळुरूचे लोक येतात, त्यांना फिल्टर कॉफी आवडते. पितळेचा दोन मजली फिल्टर, वीज लागत नाही. रात्री पूड दाबून उकळतं पाणी ओतायचं, सकाळी खाली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, तयार. दूध तापवलं की झालं. माझ्या सगळ्या खरेदीत पैसे वसूल झाले ते याचेच.

पाहुणा

मी यजमान नाही, राहणारा आहे. आईला घेऊन वर्षातून दोनदा अक्कलकोटला येतो. आईची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते आणि तिला ती कोमट पाण्याबरोबर लागते. खोलीत केटल असली की मला दुसऱ्याचं दार वाजवावं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी राहण्याची जागा बदलली आहे. चहा मात्र आईला काकूंच्या हातचाच हवा असतो, आणि तो पिताना ती त्यांच्याशी अर्धा तास बोलते.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितेय, करून पाहिल्याशिवाय सांगायचं नव्हतं.

मशीन घेतलं नाही. माझ्या पाहुण्यांची वेळ ठरलेली असते, रात्री दोनला कुणी येत नाही. दवाखान्याशेजारच्या ताईंसारखं घर असतं तर त्याच दिवशी घेतलं असतं. आधी वायरमन बोलावला, चारही खोल्यांत १६ अँपिअरचे पॉइंट काढले. मग चार केटल्या, शेजारी फिल्टरच्या पाण्याची बाटली, तीन भाषांतली चिठ्ठी. लिंबूफूल एक तारखेला.

पहाटेच्या चहासाठी शेतावरच्या दादांच्या आईंची रीत उचलली. रात्री झोपताना आलं-गवती चहाचा कोरा काढा उकळून थर्मासमध्ये, दुसऱ्या छोट्या थर्मासमध्ये दूध ठेवून पाहिलं. दुधाचं जमलं नाही, उन्हाळ्यात पहाटेपर्यंत वास धरला. म्हणून आता काढ्याचा थर्मास, साखर आणि दुधाच्या पावडरीची बरणी जिन्याच्या वरच्या कट्ट्यावर ठेवते. काकड आरतीवाले स्वतः करून घेतात. दोघांनी पावडरीबद्दल नाराजी सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवलीय. छोटा फ्रिज वर ठेवता येईल का, हे दिवाळीपर्यंत बघायचं आहे.

साडेपाचला मी उठते, हुतात्मावाल्यांसाठी पातेलं चढवते. तिथून पुढचा सगळा चहा माझा. गुडघ्याला एक उतरणं वाचलं. परवा नाशिकच्या एक आजी काकड आरतीहून परत आल्या, खोलीत न जाता थेट स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘वरचा घेतला होता बाई, पण आता तुझा दे.’ आम्ही दोघी तिथंच पाटावर बसलो.