स्पेनच्या किनाऱ्यावर घर: कोस्ता देल सोल की कोस्ता ब्लांका? सल्ला हवा

उन्हाळपाखरू

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे ठाण्याचे, गेली २६ वर्षं इंग्लंडात. नवरा पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. इथला हिवाळा आता सोसत नाही. दुपारी चारला दिवे लावायचे आणि गुडघे शेकत बसायचं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्पेनमध्ये राहायचं आणि उरलेले महिने घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं, असा विचार आहे.

बजेट सगळं धरून अडीच लाख युरो, दोन बेडरूम. पासपोर्ट ब्रिटिश. नवऱ्याच्या डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद झालंय आणि मला परक्या देशात उजव्या बाजूने चालवायचा धीर नाही. सासूबाई (वय ८१) ठाण्याहून महिनाभर येतील. एका एजंटने कोस्ता ब्लांकावरच्या तोरेविएखाजवळची नवी वसाहत व्हिडिओवर दाखवली. निळाशार तरणतलाव, पांढरी घरं. टोकन या आठवड्यात भरा म्हणतोय. भरावं का?

खाडीकाठ

ताई, टोकन भरू नका. आधी हे वाचा. मी नऊ वर्षं कोस्ता देल सोलवरच्या फुएनहिरोलात राहतोय.

गाडी चालवायची नाही म्हणालात, तिथेच निम्मा निर्णय झाला. मालागाहून विमानतळ, तोरेमोलिनोस, बेनालमादेना करत फुएनहिरोलापर्यंत लोकल येते. शेवटचं स्टेशन आमचंच. त्यापुढे मार्बेया आणि एस्तेपोनाला रेल्वे नाही, सगळा कारभार बसचा. पूर्वेला नेरखा फार देखणं आहे, पण तिथेही बसच. तुमच्यासारख्यांनी घर या लोकलच्या पट्ट्यातच बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्ट्यातही चढ बघा. इथे डोंगर समुद्राला अगदी खेटून उभा आहे. जाहिरातीत ‘समुद्र ८०० मीटर’ लिहितात आणि ते खरंही असतं, पण परतीचे ८०० मीटर उभ्या चढाचे. बेनालमादेनाचं जुनं गाव पार वर आहे, स्टेशन खाली आरोयो दे ला मिएलला. सासूबाईंना डोळ्यांपुढे ठेवून स्टेशन ते घर स्वतः चाला, हातात भाजीची पिशवी घेऊन.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: जानेवारीत इथली घरं आतून गार असतात. बाहेर दुपारी १७ अंश, लोक कॉफी पीत उन्हात बसलेले, आणि घरात संगमरवरी फरशीवर मोज्यांशिवाय पाय ठेववत नाही. जुन्या इमारतींत हीटिंग नसतं. माझं पहिलं भाड्याचं घर उत्तराभिमुख होतं. कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली, लोकरीच्या शालीला वास आला तेव्हा कळलं. आता दक्षिणेकडच्या गॅलरीचं घर आहे. डिसेंबरात ऊन सोफ्यापर्यंत येतं, हीटर संध्याकाळीच लावतो. समुद्र दिसत नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही.

अडीच लाखांत इथे जुन्या इमारतीतला लहान फ्लॅट मिळेल, समुद्रासमोरचा नाही. आणि ‘सगळं धरून’ अडीच असेल तर घर सव्वादोनच्या आसपासचंच बघा. अंदलुसियात, म्हणजे आमच्या या भागात, जुन्या घरावर ७ टक्के हस्तांतरण कर, वर नोटरी, नोंदणी, वकील. नव्या घरावर १० टक्के व्हॅट आणि शिवाय मुद्रांक शुल्क.

मिठागर

मी तोरेविएखात सहा वर्षं आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडते. त्याच पैशांत इथे मोठं घर मिळतं हे खरं आहे. हवा कोरडी, माझ्या सांध्यांना मानवली. गुलाबी तळ्याकाठी संध्याकाळी चालायला जाते, त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

पण तोरेविएखाला रेल्वे नाही. आलिकान्तेहून जी ट्राम जाते ती उत्तरेला, बेनिदोर्म आणि देनियाकडे. आणि ‘तोरेविएखाजवळ’ म्हणजे किती जवळ ते विचारा. आमच्या वसाहतीत आमच्या रांगेत १८ घरं, जानेवारीत त्यातल्या १४ घरांचे शटर खाली. पावाच्या दुकानासाठी मोठा रस्ता ओलांडून २५ मिनिटं. मला गाडी आहे म्हणून निभतं. तुम्हाला इथे यायचंच असेल तर गावात घ्या, वसाहतीत नको.

पुराचंही बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये ओरिउएलाचा सगळा सखल भाग पाण्याखाली होता. मार मेनोर या खाऱ्या पाण्याच्या सरोवराकाठचं लोस आल्कासारेस तर एकाहून जास्त वेळा बुडालंय. एरवी कोरडा दिसणारा ओढा घराजवळ असेल तर तो कुठून येतो ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

पर्वतीपायथा

पाच लाख युरोंचं घर घेतलं की गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मिळतो ना? बजेट थोडं ताणून तो घ्या की. आणि पुण्यात बसून मला असं घर घेता येईल का?

इसारपावती

तो व्हिसा ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. आता स्पेनमध्ये घर घेतल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. पुण्याहून घेता येतं: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, नवरा-बायको मिळून दुप्पट. वर्षात १० लाख रुपयांवर गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. घर परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायला विसरू नका.

आता उन्हाळपाखरू ताई, तुमचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे १२० दिवस. ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत (सामायिक व्हिसाचे युरोपातले देश, स्पेन त्यातच) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणजे तुमचा बेत आहे तसा बसतच नाही. एकतर तीन महिने करा, नाहीतर बिन-नोकरीचा निवास व्हिसा. त्यासाठी एकाला वर्षाला २८,८०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, जोडीदाराचे वर ७,२००. मग मात्र बस्तानच तिथे हलवायचं. वर्षात १८३ दिवसांवर गेलात की करही स्पेनला. सासूबाईंचा शेंगेन व्हिसा वेगळा.

भाड्याचं गणितही पुन्हा मांडा. त्याच ३ एप्रिलपासून फ्लॅट नव्याने पर्यटकांना द्यायचा तर सोसायटीची तीन पंचमांश मंजुरी लागते. ती मिळेल हे धरून घर घेऊ नका. भाड्याने न देताही अनिवासी मालकाला दरवर्षी मानीव (सरकारने धरलेल्या) उत्पन्नावर कर आहे.

कागदांत सर्वात आधी ‘नोता सिंप्ले’ काढा. आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा, मालक कोण आणि बोजा किती ते त्यात दिसतं. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्याच, कारण चालू वर्ष आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर तुमच्या गळ्यात येते. इसार साधारण १० टक्के असतो. तुम्ही माघार घेतली तर बुडतो, विकणाऱ्याने घेतली तर सहसा दुप्पट परत. म्हणून उतारा हातात येईपर्यंत इसार नको. आणि वकील एजंटने सुचवलेला नको, स्वतः शोधा.

गावाबाहेरच्या स्वस्त बंगल्यांचा मोह झाला तर एक आठवा: अल्मेरियातल्या वेरा गावी एका ब्रिटिश दांपत्याचं घर जानेवारी २००८ मध्ये पाडलं गेलं. त्यांच्याकडे नगरपालिकेचा परवाना होता. अंदलुसियाच्या प्रादेशिक सरकारने तो बेकायदा ठरवला होता. निवृत्तीची पुंजी घालून बांधलेलं घर, डोळ्यांदेखत गेलं. ते वाचल्यापासून मी कुणालाही ‘एजंट म्हणतोय ठीक आहे’ एवढ्यावर सही करू देत नाही.

उन्हाळपाखरू

१२० दिवसांचं आम्ही मोजलंच नव्हतं! रात्री दोघं कॅलेंडर घेऊन बसलो. टोकन भरत नाही असं एजंटला कळवलं. तो म्हणाला, घर हातचं जाईल. जाऊ दे.

आता ठरलंय असं: जानेवारी-फेब्रुवारी फुएनहिरोलात भाड्याने राहायचं, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत, सपाटीवर. सासूबाईंनाही तेव्हाच बोलवायचं, त्यांना नाही रुचलं तर पुढे काही नाही. त्यांचा एकच प्रश्न आहे: कोथिंबीर मिळते का?

खाडीकाठ

मिळते. सुपरमार्केटात फसगत होते, सारखी दिसते ती पार्सली, वास घेऊन बघा. मोरोक्कन दुकानांत ‘सिलांत्रो’ मागा, भरघोस जुडी देतात. तूरडाळ, पोहे भारतीय दुकानांत. या किनाऱ्यावर सिंधी व्यापारी जुने आहेत. मंगळवारी जत्रेच्या मैदानात मोठा बाजार भरतो, तिथे आजींना घेऊन जाऊ, रस्ता सपाट आहे.

आणि त्यांना सांगा, मालागाच्या पूर्वेला वेलेस-मालागाकडे आंब्याच्या बागा आहेत. हापूस नव्हे, पण झाडावर पिकलेला असतो. फक्त तो सप्टेंबरात येतो, त्यासाठी तुम्हाला उन्हाळा सरताना एक फेरी करावी लागेल. ९० दिवसांतले दहा त्याला राखून ठेवा.